ढगांना नावं देणारा औषधवाला: ल्यूक हॉवर्ड कोण होते आणि ईटच्या आभाळाशी त्यांचा काय संबंध?

मृग नक्षत्र लागलं की धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावात माणसं दिवसातून दहा वेळा वर बघतात. रान तयार असतं, बियाणं घरात येऊन पडलेलं असतं. प्रश्न एकच असतो, पेरायचं की थांबायचं?

अशा वेळी गावात एकच वाक्य फिरतं, आभाळ आलंय. पण नेमकं कोणतं आभाळ आलंय? एक आभाळ सकाळपासून झाकोळून राहतं आणि संध्याकाळी थेंबही न देता पुढे सरकतं. दुसरं दुपारी तीनला क्षितिजावर दिसतं आणि चारला विजा, वारा, गारा घेऊन डोक्यावर येतं. दोन्हींसाठी आपण शब्द मात्र एकच वापरतो.

या दोन आभाळांमधला फरक नावानिशी सांगण्याची पद्धत जगाला एका माणसानं दिली. तो ना हवामानखात्यात होता, ना कुठल्या विद्यापीठात. तो लंडनमध्ये औषधं बनवून विकायचा. त्याचं नाव ल्यूक हॉवर्ड.

आठवीच्या भूगोलात 'आर्द्रता व ढग' हा धडा आहे. त्यातली सिरस, क्युम्युलस, स्ट्रॅटस ही नावं पाठ करताना अनेकांची बोबडी वळते. ती नावं हॉवर्ड यांनी १८०२ मध्ये सुचवली होती.

दहा वर्षांच्या मुलानं पाहिलेलं धुरकट आभाळ

ल्यूक हॉवर्ड यांचा जन्म २८ नोव्हेंबर १७७२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील रॉबर्ट हॉवर्ड यांचा दिवे बनवण्याचा चांगला चाललेला व्यवसाय होता. घर क्वेकर पंथाचं. साधी राहणी, कष्ट आणि वेळेची शिस्त यांना या पंथात फार महत्त्व. त्या काळी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांची दारं क्वेकरांसाठी जवळपास बंदच होती. त्यामुळे या पंथातली हुशार मुलं व्यापार, कारखानदारी आणि औषधांच्या धंद्यात शिरत.

ल्यूक यांना ऑक्सफर्डशायरमधल्या बर्फर्ड इथल्या क्वेकर शाळेत घातलं गेलं. तिथे लॅटिन भरपूर शिकवलं जायचं. विज्ञान फारसं नाही. हे लॅटिन पुढे त्यांच्या कसं कामी आलं, ते पुढे येईलच.

ते शाळेत असतानाच १७८३ साल उजाडलं. त्या वर्षी जूनमध्ये आइसलँडमधल्या लाकी इथे ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्याच उन्हाळ्यात जपानमधला असामा ज्वालामुखीही पेटला. लाकीची राख आणि वायू युरोपभर पसरले. कित्येक आठवडे सूर्य धुरकट आणि लालसर दिसत होता. १८ ऑगस्टच्या रात्री एक मोठी उल्का ब्रिटनच्या आकाशातून लखलखत गेली. ल्यूक तेव्हा दहा वर्षांचे होते. आभाळाकडे बघण्याची त्यांची सवय याच वयातली, आणि ती पुढे आयुष्यभर सुटली नाही.

औषधांचं दुकान आणि दंडाचा नियम

शाळा संपल्यावर वडिलांनी त्यांना मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टमध्ये एका औषधविक्रेत्याकडे शिकाऊ म्हणून ठेवलं. दिवसभर काम करायचं आणि रात्री स्वतःच अभ्यास करायचा, असा दिनक्रम होता. रसायनशास्त्र आणि वनस्पतीशास्त्र ते असेच शिकले.

लंडनला परतल्यावर त्यांनी फ्लीट स्ट्रीट परिसरात स्वतःचं औषधांचं दुकान टाकलं. १७९६ मध्ये मारियाबेला एलियट यांच्याशी लग्न झालं. विल्यम अ‍ॅलन या दुसऱ्या क्वेकर औषध व्यावसायिकाशी त्यांनी भागीदारी केली. लंडनबाहेर प्लेस्टो इथल्या रसायनांच्या कारखान्याची जबाबदारी हॉवर्ड यांच्याकडे आली. तिथे शहरापेक्षा मोकळं आभाळ होतं.

याच काळात लंडनमध्ये विज्ञानाची आवड असलेल्या तरुणांनी 'आस्केसियन सोसायटी' नावाचं मंडळ चालवलं होतं. त्याचा नियम मजेशीर होता. प्रत्येक सभासदानं आपली पाळी आली की एखाद्या विषयावर निबंध वाचायचा, नाहीतर दंड भरायचा.

डिसेंबर १८०२ मध्ये हॉवर्ड यांची पाळी आली. वय ३०. त्यांनी निबंधासाठी निवडलेला विषय होता, ढगांची रूपं आणि ती कशी बदलतात.

त्या सभेत नेमकं काय सांगितलं?

तोपर्यंत ढगांबद्दल सगळीकडे एक समज होता. ढग क्षणाक्षणाला आकार बदलतात, वारा नेईल तिकडे जातात, त्यांची वर्गवारी काय करणार? प्राण्यांची झाली, वनस्पतींची झाली, पण ज्याला ठराविक आकारच नाही त्याला नाव कसं द्यायचं?

हॉवर्ड यांचं म्हणणं असं की आकार असंख्य असले तरी मूळ घडण मोजकी आहे. त्यांनी तीन मुख्य प्रकार सांगितले.

पहिला सिरस. लॅटिनमध्ये याचा अर्थ केसांची बट. पिंजलेल्या कापसाच्या तंतूंसारखे, खूप उंचावरचे पांढरे ढग. मराठीत त्यांना तंतुमेघ म्हणतात.

दुसरा क्युम्युलस. म्हणजे ढीग किंवा रास. खळ्यावर धान्याची रास घालावी तसा खाली सपाट आणि वर फुगत जाणारा ढग. मराठीत राशिमेघ.

तिसरा स्ट्रॅटस. म्हणजे थर. चादर अंथरावी तसा आडवा पसरलेला ढग. मराठीत स्तरमेघ. हॉवर्ड यांनी या प्रकारात जमिनीलगतचं धुकंही धरलं होतं.

या तिघांच्या मिश्रणातून त्यांनी आणखी चार प्रकार दाखवले. त्यात पाऊस देणाऱ्या ढगाला निम्बस हे नाव दिलं. सोबत स्वतः काढलेली ढगांची चित्रंही होती.

यातली खरी नवी गोष्ट नावांपेक्षा मोठी होती. एक ढग दुसऱ्यात बदलतो, हे त्यांनी वर्गवारीतच सामावून घेतलं. रास पसरून थर होऊ शकते, थर फुटून राशी होऊ शकतात. ढगाचं रूप म्हणजे हवेत त्या क्षणी काय चाललंय याची खूण आहे. हवा वर चढतेय की आडवी पसरतेय, ओलावा किती उंचीवर आहे, हे ढगाच्या आकारावरून कळू शकतं, असा त्यांचा मुद्दा होता.

राशिमेघाचंच उदाहरण घ्या. ऊन पडलं की जमीन तापते आणि गरम हवा वर जाते. वर जाताना ती थंड होते. एका विशिष्ट उंचीवर तिच्यातल्या वाफेचे थेंब व्हायला लागतात. ही उंची त्या भागात सगळीकडे जवळपास सारखी असते. म्हणूनच दुपारच्या वेळी अशा ढगांचे तळ एका रेषेत कापल्यासारखे सपाट दिसतात.

१८०३ मध्ये हा निबंध 'फिलॉसॉफिकल मॅगझिन' या नियतकालिकात छापून आला आणि हॉवर्ड यांचं नाव लंडनबाहेर पोहोचलं.

लॅटिन नावंच का टिकली?

ढगांची वर्गवारी करणारे हॉवर्ड एकटे नव्हते. उत्क्रांतीच्या धड्यात जिराफाच्या मानेसोबत ज्यांचं नाव येतं, त्या फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यांनीही १८०२ मध्येच ढगांचे प्रकार सुचवले होते. पण त्यांची नावं फ्रेंच होती. ती फ्रान्सबाहेर रुळली नाहीत आणि फ्रान्समध्येही मागे पडली.

हॉवर्ड यांनी लॅटिन निवडलं. शाळेत घोकलेलं लॅटिन इथे कामाला आलं. त्या काळी युरोपातल्या प्रत्येक देशातले शिकलेले लोक ही भाषा वाचू शकत. लिनियस यांनी वनस्पती आणि प्राण्यांना लॅटिन नावं देऊन हा रस्ता आधीच दाखवला होता.

पुढे इंग्लंडमध्येच थॉमस फॉर्स्टर यांनी या नावांचे साधे इंग्रजी प्रतिशब्द तयार केले. लोकांना सोपं जाईल हा हेतू. हॉवर्ड यांना ते पटलं नाही. प्रत्येक भाषेनं आपापली नावं केली तर दोन देशांतल्या नोंदी एकमेकांशी जुळवता येणार नाहीत, अशी त्यांची भूमिका होती.

हा वाद आपल्यालाही ओळखीचा आहे. राशिमेघ हा शब्द ऐकताच डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं, क्युम्युलस ऐकून राहत नाही. पण पुण्यातल्या वेधशाळेची नोंद जपानमधल्या शास्त्रज्ञाला वाचायची असेल, तर क्युम्युलसच लागतं. समजून घ्यायला मराठी नाव आणि नोंदीसाठी लॅटिन नाव, अशी दोन्ही कामाची आहेत.

कवी, चित्रकार आणि एक अविश्वसनीय पत्र

जर्मनीचे महाकवी गटे यांनी हॉवर्ड यांचा निबंध जर्मन भाषांतरात वाचला आणि ते भारावून गेले. त्यांनी हॉवर्ड यांच्या सन्मानार्थ कविता लिहिली. इतकंच नाही, तर या माणसाचं आयुष्य कसं घडलं हे जाणून घेण्यासाठी त्यांच्या वतीनं लंडनला विचारणा झाली. हॉवर्ड यांना आधी ही कुणीतरी केलेली थट्टाच वाटली. खात्री पटल्यावर १८२२ मध्ये त्यांनी आपल्या आयुष्याची थोडक्यात हकीकत लिहून पाठवली.

त्याच सुमारास इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबल लंडनजवळच्या हॅम्पस्टेडमध्ये फक्त आभाळाची चित्रं काढत होते. १८२१ आणि १८२२ मध्ये त्यांनी ढगांचे असे कितीतरी अभ्यास केले. फॉर्स्टर यांच्या पुस्तकातून हॉवर्ड यांची वर्गवारी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती.

शहरं तापतात, हेही त्यांनीच मोजलं

हॉवर्ड ढगांवरच थांबले नाहीत. वर्षानुवर्षं रोजचं तापमान, हवेचा दाब, पाऊस आणि वारा यांची नोंद ते ठेवत राहिले. या नोंदींवरून 'लंडनचं हवामान' हे त्यांचं पुस्तक १८१८ आणि १८२० मध्ये दोन भागांत आलं.

त्यात त्यांनी शहरातलं तापमान आणि आसपासच्या खेड्यांतलं तापमान शेजारी शेजारी ठेवलं. रात्रीच्या वेळी लंडन शहर बाहेरच्या भागापेक्षा सरासरी सुमारे २ अंश सेल्सिअसनं जास्त उबदार राहतं, असं दिसून आलं. घरांतल्या चुली, कारखान्यांची धुराडी आणि दिवसभर तापलेल्या भिंती ही त्यामागची कारणं. आज पुण्यात किंवा नागपुरात उन्हाळ्याच्या रात्री शहर आणि बाहेरचा भाग यांच्या तापमानात जो फरक जाणवतो, त्याची पहिली पद्धतशीर मोजणी ही होती.

१८२१ मध्ये त्यांची रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवड झाली. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या औषध व्यावसायिकासाठी हा मोठा मान होता. १८३७ मध्ये त्यांची हवामानशास्त्रावरची सात व्याख्यानं पुस्तकरूपात आली. या विषयावरच्या सुरुवातीच्या पाठ्यपुस्तकांमध्ये त्याची गणना होते.

पोटापाण्याचा धंदा मात्र औषधांचाच राहिला. त्यांची कंपनी पुढे क्विनाइन बनवण्यासाठी प्रसिद्ध झाली. त्यांचे पुत्र जॉन एलियट हॉवर्ड हे क्विनाइन ज्या सिंकोना झाडाच्या सालीपासून मिळतं, त्या झाडाचे मोठे अभ्यासक झाले. भारतात निलगिरीत सिंकोनाची लागवड झाल्यावर तिथल्या सालींची तपासणीही त्यांनी केली.

जिथे हॉवर्ड चुकले

ढग ओळखता आल्यावर पुढचा मोह अंदाजाचा होता. हॉवर्ड यांनाही तो आवरला नाही. चंद्राच्या गतीशी हवामानाचं नातं आहे आणि ब्रिटनमधले ऋतू १८ वर्षांच्या चक्रानं फिरतात, अशी मांडणी त्यांनी १८४२ मध्ये केली. ती टिकली नाही.

आपल्याकडेही नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की मोर, यावरून पावसाचा अंदाज बांधला जातो. वर्षानुवर्षं चोख नोंदी ठेवणारा माणूससुद्धा अशा ठरलेल्या चक्राच्या शोधात वाट चुकला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्यांनी डोळ्यांनी पाहून नोंदवलेलं टिकलं, चंद्रावरून बांधलेला आडाखा टिकला नाही.

१८५२ मध्ये पत्नीचं निधन झालं. शेवटची वर्षं त्यांनी लंडनमधल्या टॉटनहॅम इथे मुलाच्या घरी काढली. २१ मार्च १८६४ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. ब्रूस ग्रोव्हवरच्या त्या घरावर आज एक निळा फलक आहे. त्यावर त्यांची ओळख ढगांना नावं देणारा अशीच दिली आहे.

तिघांचे दहा कसे झाले?

हॉवर्ड यांच्या यादीत नंतर भर पडत गेली. मधल्या उंचीवरच्या ढगांसाठी 'अल्टो' हा उपसर्ग आला. निम्बस हा स्वतंत्र प्रकार न राहता निम्बोस्ट्रॅटस आणि क्युम्युलोनिम्बस अशा दोन नावांत गेला.

पण लंडनचे ढग आणि उष्ण कटिबंधातले ढग एकच आहेत का, हा प्रश्न उरला होता. ब्रिटिश हवामानतज्ज्ञ राल्फ अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी १८८० च्या दशकात जगभर प्रवास करून ते तपासलं. मूळ प्रकार सगळीकडे सारखेच निघाले. १८९६ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय मेघ अ‍ॅटलास प्रसिद्ध झाला. आज जागतिक हवामान संघटना ढगांचे १० मुख्य प्रकार मानते. २०१७ मध्ये या अ‍ॅटलासची नवी डिजिटल आवृत्ती आली आणि त्या वर्षीच्या, २३ मार्चच्या जागतिक हवामान दिनाचा विषयही ढगच होता.

ईटच्या आभाळात हे ढग कसे ओळखायचे?

ईट आणि भूमचा परिसर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाटमाथ्यावर बराचसा पाऊस सांडतात आणि उरलेला ओलावा घेऊन बालाघाटाच्या डोंगररांगांकडे येतात. त्यामुळे इथे ढग दिसणं आणि पाऊस पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पिंजलेला कापूस, खूप उंच: हा सिरस. साधारण ६ किलोमीटरच्या वरचा. खाली मे महिन्याचं ४० अंशांचं ऊन असलं, तरी या ढगात बर्फाचेच कण असतात. यातून जमिनीवर पाऊस येत नाही.

चंद्राला खळं: हे खळं सिरोस्ट्रॅटस या पातळ ढगामुळे पडतं. ढगातल्या बर्फाच्या कणांतून जाताना चंद्राचा प्रकाश वळतो आणि गोल कडं दिसतं. वर ओलावा वाढतोय इतकंच त्यातून कळतं. उद्या पाऊस पडेलच असं नाही.

जुलैमध्ये पश्चिमेकडून पळत जाणारे करडे ढग: हे बहुतेक वेळा स्ट्रॅटोक्युम्युलस असतात. आभाळ भरल्यासारखं वाटतं, पण ढगांची जाडी कमी असते. फार तर भुरभुर होते.

सूर्य पूर्ण झाकणारा गडद थर: हा निम्बोस्ट्रॅटस. कडाडणं नाही, लखलखणं नाही, पण तासन् तास भिजपाऊस. रानात मुरणारा पाऊस बऱ्याचदा याच ढगाचा.

दुपारी उभा वाढत जाणारा, माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरलेला: हा क्युम्युलोनिम्बस. वळवाचा, गारपिटीचा आणि विजांचा ढग. त्याचा माथा १२ किलोमीटरच्याही वर जाऊ शकतो. हा दिसला तर झाडाखाली थांबू नये. जनावरं आणि माणसं वेळेत पक्क्या आडोशाला न्यावीत. विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेनं तयार केलेलं 'दामिनी' अ‍ॅप मोबाइलवर मिळतं.

ढग ओळखून काय फरक पडतो?

पहिला फरक जिवाचा. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाड्यात गारपिटीनं उभी पिकं झोपवली. सप्टेंबर २०२५ मध्ये याच पर्जन्यछायेतल्या भूम-परांडा भागात अतिवृष्टी होऊन पूर आला. कमी पावसाचा भाग म्हणून ओळख असलेल्या ठिकाणीही उभ्या वाढणाऱ्या ढगांकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

दुसरा फरक कृत्रिम पावसाबद्दलच्या अपेक्षांचा. दुष्काळ पडला की विमानानं पाऊस पाडण्याची मागणी होते. शेजारच्या सोलापूर भागात आयआयटीएमनं २०१८ आणि २०१९ मध्ये यावर सविस्तर प्रयोग केले. त्यात २७६ ढगांचा अभ्यास झाला. योग्य ढगांवर फवारणी केल्यास ठराविक क्षेत्रात सरासरी सुमारे १८ टक्के जादा पाऊस मिळू शकतो, असा निष्कर्ष निघाला. पण त्यासाठी आधी योग्य ढग असावा लागतो. सिरसवर किंवा कोरड्या आभाळावर फवारणी करून पाऊस येत नाही. म्हणजे इथेही पहिलं काम ढग ओळखण्याचंच.

ढगाचं नाव कळलं म्हणून पेरणीची तारीख ठरत नाही. त्यासाठी हवामान विभागाचा अंदाज आणि जमिनीतली ओल बघावीच लागते. पण पुढच्या तासाभरात वरून काय येऊ शकतं, याचा बराच अंदाज ढगाच्या रूपावरून येतो. हॉवर्ड यांच्याकडे या कामासाठी उपग्रह नव्हता, रडारही नव्हतं. मोकळं आभाळ, एक वही आणि रोज वर बघायची सवय एवढंच त्यांच्याकडे होतं. ईटमधल्या कुणालाही एवढ्यावर सुरुवात करता येते.